अष्टविनायक चालतो, मग सहा म्युझियमं का नाही?

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी तीन दिवसांत सहा म्युझियमं पाहिली. मुंबईत तीन, पुण्यात एक, औंधला एक आणि कोल्हापुरात एक. घरी आल्यावर फोटो टाकले आणि तासाभरात कलाक्षेत्रातल्या एका ज्येष्ठ माणसाची कमेंट आली, 'ही काय अष्टविनायक यात्रा आहे? आधी एका चित्रासमोर तासभर उभं राहायला शिका.' त्याखाली टाळ्यांचे बरेच इमोजी.

उत्तर कमेंटमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

तर हो, अष्टविनायक यात्राच होती ती. माझी आजी मिनीबसने दोन दिवसांत आठ गणपती करून आली होती. प्रत्येक देवळात रांगेत अर्धा तास आणि गाभाऱ्यासमोर फार तर दहा सेकंद. 'आजी, आधी मोरगावला दोन दिवस बसून राहा, मग थेऊरचं बघू' असं तिला कुणी सांगितलं नाही. पंढरपुरात ज्याला पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहणं जमत नाही तो मुखदर्शन घेतो. तेही जमलं नाही तर लांबूनच कळसाला हात जोडतो आणि परतीची एसटी पकडतो. त्याची भक्ती उथळ आहे असं म्हणायची आपल्याकडे कुणाची हिंमत नाही. माणसाकडे जेवढा वेळ आहे तेवढ्यात दर्शन होतं, हे आपण देवाच्या बाबतीत कधीच मान्य करून टाकलंय. चित्राच्या बाबतीत मात्र आधी पात्रता सिद्ध करा म्हणतो.

'सावकाश पाहा' हा सल्ला चुकीचा नाही. पण तो कोण देतंय ते बघा. ज्याच्या घरापासून म्युझियम अर्ध्या तासावर आहे, ज्याला पुढच्या आठवड्यात परत जाता येतं, त्याला सावकाश पाहणं परवडतं. आम्हा चौघांत एक जण डिलिव्हरी कंपनीच्या गोदामात शिफ्ट करतो, एक जण शाळेत कंत्राटी शिक्षिका आहे, एक जण आयटीत आहे आणि मी एका छपाईच्या कारखान्यात. चौघांची सुट्टी एकाच वेळी जुळवायला आम्हाला चार महिने लागले. गाडी मित्राच्या मामांची होती. पेट्रोल आणि टोलचे चार भाग केले. परत कधी जमेल, जमेल की नाही, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. अशा माणसाला तुम्ही 'एकाच चित्रासमोर तासभर थांब' म्हणता, तेव्हा 'बाकीची पाच म्युझियमं तुझ्या नशिबात नाहीत' हेही त्याला सांगून टाकता.

पण घाईत पाहिलं तरी चालतं, एवढंच सांगून मी थांबणार नाही. काही गोष्टी घाईतच दिसतात, असं माझं म्हणणं आहे. सकाळी पाहिलेलं डोळ्यांसमोर ताजं असताना संध्याकाळी दुसरं समोर येतं, दुसऱ्या दिवशी तिसरं, आणि मग त्या तिन्हींच्या मधली गोष्ट दिसायला लागते. वर्षाला एक म्युझियम पाहणाऱ्याला ती दिसायची शक्यता कमी. आम्हाला काय दिसलं ते सांगतो.

शुक्रवारी सकाळी भायखळ्याला राणीच्या बागेपासून सुरुवात केली. तिथलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. ते मुंबईतलं सगळ्यात जुनं. बाहेर बागेत एक काळा घोडा आहे, पाठीवर सातव्या एडवर्डसह. ज्याच्या नावाने दक्षिण मुंबईतला तो सगळा कलेचा परिसर ओळखला जातो आणि महोत्सव भरतो, तो मूळ घोडा १९६५ पासून भायखळ्यात आहे. त्याच्या जुन्या जागेजवळ २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. आम्ही दोन्ही घोडे एकाच दिवशी पाहिले. घाईचा हा पहिला फायदा.

लंडनला १८५१ साली भलंमोठं औद्योगिक प्रदर्शन झालं. त्यानंतर देशोदेशीचा कच्चा माल आणि कारागिरी मांडून दाखवायची जी लाट आली, त्या लाटेतलं हे संग्रहालय. म्हणजे आपण आज ज्याला डिझाइन म्युझियम म्हणतो त्याचा आपल्याकडचा पणजोबाच. आत धातूचं, लाकडाचं, शिंगाचं, मातीचं काम आहे. आणि मातीच्याच छोट्या प्रतिकृती आहेत, वेगवेगळ्या समाजांच्या, वेगवेगळे धंदे करणाऱ्या माणसांच्या. पगड्या, धोतरं, हातातली हत्यारं, सगळं बारकाईने केलेलं. ते बघताना आमची शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "ही माणसं आहेत की मासले?" खरं होतं तिचं. त्या काळच्या गोऱ्या साहेबाला अमुक एक माणूस बघायचाच नव्हता. त्याला अमुक जातीचा, अमुक धंद्याचा नमुना बघायचा होता. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, जो उरलेले अडीच दिवस आमच्या गाडीत पाचव्या माणसासारखा बसून होता. "आणि या प्रतिकृती केल्या कुणी?"

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली पायाभरणी झालेली ही इमारत जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची, हे इंटरनेटवर दोन सेकंदांत सापडतं. करडा दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा, हेही सापडतं. म्हणजे दगडाचं गावसुद्धा आपल्याला माहीत आहे. तो दगड घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव शोधून बघा.

आत मुघल काळातली चित्रं पाहताना मला दसवंत आठवला. अकबराच्या पदरी असलेला मोठा चित्रकार. तो पालखी वाहणाऱ्याचा पोरगा. हे आपल्याला चारशे वर्षांनंतर माहीत आहे, कारण अबुल फज्लने ते 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं. लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं तर पालखीवाल्याच्या पोराचंही नाव टिकतं. नाही वाटलं तर पुसलं जातं.

तिथून चौक ओलांडला की समोर सर कावसजी जहांगीर हॉल. १९९६ पासून त्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आणि तिथे सगळं बदलतं. प्रत्येक कामाखाली नाव, जन्मसाल, माध्यम. दोन इमारतींच्या मध्ये चालत दोन-तीन मिनिटांचं अंतर आहे. या तीन मिनिटांत आपण बिननावाच्या वस्तूंकडून नावं असलेल्या माणसांकडे येतो. रस्त्याच्या अलीकडे असते ती कारागिरी, पलीकडे असते ती कला. अलीकडे तासभर किंवा पलीकडे तासभर उभं राहून हे कळलं नसतं. ते रस्ता ओलांडतानाच कळलं, तेही सिग्नल सुटायच्या आत धावत ओलांडताना.

शनिवारी सकाळी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांच्या घरचा धंदा चष्म्यांचा. हा माणूस १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागला आणि आयुष्यभर गावोगाव फिरून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंचा त्यात मोठा हात होता. 'राजा' हे लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं नाव. स्वतः ते कविता लिहायचे, तेही 'अज्ञातवासी' या नावाने.

या संग्रहालयाची खरी कमाल ही की तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घर जास्त आहे. अडकित्ते, पानडबे, दिवे, समया, फण्या, पाय घासायच्या वज्री, कुलुपं, दरवाजे. एक अडकित्ता घ्या. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळा पुरतो. पण कुणीतरी त्याला पोपटाचा आकार दिला, कुणी घोड्याचा, कुणी जोडप्याचा. ते करताना हाताची पकड बिघडू दिली नाही आणि धारही. हे डिझाइन नसेल तर डिझाइन कशाला म्हणायचं? फोनची कड किती गोल असावी यावर तासभराचे व्हिडिओ बनतात आणि आपण ते बघतो. अडकित्त्याच्या मुठीवर कुणी बनवलाय? आणि इथेही तोच प्रश्न, केलं कुणी? केळकरांनी वस्तू वाचवल्या. नावं त्यांनाही वाचवता आली नसती, कारण लोहाराचं, तांबटाचं, सुताराचं नाव लिहून ठेवायची गरजच त्याआधीच्या शेकडो वर्षांत कुणाला वाटली नव्हती. बलुत्याच्या हिशेबात धान्याच्या पायल्या मोजायच्या असतात, सही लागत नाही.

आता हे मी का लिहितोय ते सांगतो. माझे वडील सुतार आहेत. आजोबाही सुतार होते. रहिमतपूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि शनिवारचा मुक्काम आमच्याच घरी होता. जेवणानंतर तात्यांना फोनवर फोटो दाखवत होतो. चित्रांवरून ते भराभर पुढे जात होते. केळकर संग्रहालयातल्या एका कोरीव दरवाजापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तो मोठा करून पाहिला. अर्धा मिनिट, जास्त नाही.

"ह्या कोपऱ्याचं काम दुसऱ्या मानसाचं हाय," ते म्हणाले. "नक्षी तीच, पन पटाशी येगळ्या हातानं चाललीय. मागनं फोटू न्हाई काढलास? सांधा मागनं दिसतो."

मी त्या दरवाजापुढे चांगली पाच मिनिटं उभा होतो. मला फुलं दिसली, वेल दिसली, 'किती सुंदर' असं वाटलं. तात्यांना तीस सेकंदांत दोन माणसं दिसली. एक उस्ताद असेल, एक शिकाऊ पोरगा. किंवा दोघे भाऊ. नावं नाहीत, पण दोन हात आहेत आणि ते वेगळे ओळखू येतात. तेव्हा तासभर उभं राहायला शिकवणाऱ्यांनी हेही सांगावं की तासभर बघून नेमकं काय दिसायला हवं. नजर घड्याळावर वाढत नाही. ती पन्नास वर्षं पटाशी चालवूनही तयार होते, आणि अशी नजर असलेली माणसं आपल्या म्युझियमांमध्ये प्रेक्षक म्हणून फारशी दिसत नाहीत.

का दिसत नाहीत ते रविवारी कळलं. आम्ही औंधला निघालो होतो. तात्यांना म्हटलं, "चला." औंध आमच्या घरापासून जवळच. यमाई आमची कुलदैवत, पौषातल्या जत्रेला तात्या लहानपणापासून जातात. श्री भवानी संग्रहालय त्याच मूळपीठाच्या डोंगरावर, देवीकडे जायच्या वाटेवर. साठ वर्षांत ते एकदाही आत गेलेले नव्हते. विचारलं का, तर म्हणाले, "आपल्याला काय कळतंय त्यातलं."

'एका चित्रासमोर तासभर उभं राहायला शिका' हे वाक्य वरच्या माणसांकडून पिढ्यान् पिढ्या ऐकत राहिलं की खालच्या माणसाच्या तोंडी त्याचं 'आपल्याला काय कळतंय' होतं. ती कमेंट आणि तात्यांचं हे वाक्य ही एकाच दाराची दोन फळकुटं आहेत. माझा राग आहे तो या दारावर.

गंमत म्हणजे औंधचं संग्रहालय काढलं तेच उलट्या विचाराने. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे ते हेच. त्यांनी १९३८ साली, मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या छोट्याशा संस्थानाच्या गावात डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. रविवर्म्यांची चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे शिल्पही. जगभरातली मोठमोठी संग्रहालयं ज्याची शिल्पं अभिमानाने मांडतात, त्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात आहे. जत्रेला आलेला माणूस देवीला जाता जाता वाकडी वाट न करता ते बघू शकतो. हेन्री मूर स्वतः इंग्लंडमधल्या कोळसा खाणीत राबणाऱ्या माणसाचा मुलगा. त्याच्या शिल्पाला यमाईच्या जत्रेकरूंचं वावडं असायचं काही कारण नाही.

तात्या आत आले. सगळं संग्रहालय त्यांनी पाऊण तासात पाहिलं, आमच्यापेक्षाही घाईत. चित्रांमधल्या कथा त्यांना आमच्याहून जास्त माहीत होत्या, त्यामुळे कुठलं चित्र कशाचं हे आम्हालाच ते सांगत होते. पण ते खरे थांबले एका चित्राच्या चौकटीपाशी. हात मागे बांधून, मान तिरकी करून कोपरा पाहिला आणि म्हणाले, "काप बघ. सूत जाईल का मधनं?" मग थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, "ही चौकट कुनी केली असंल?"

त्यांना आमचा मुंबईतला प्रश्न माहीत नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

औंधहून तात्या एसटीने परत गेले आणि आम्ही पुसेसावळी, कराड करत कोल्हापूर गाठलं. टाऊन हॉलमधलं संग्रहालय बंद व्हायला थोडाच वेळ होता. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची इवलीशी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा पोहोचला असेल याचा विचार करायलाच एक दिवस हवा. आम्हाला दोन मिनिटं मिळाली. मग कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून परत कोल्हापूरलाच येऊन राहिलेले आबालाल रहिमान याच गावचे. आणि बाबूराव पेंटरही.

बाबूरावांची गोष्ट आमच्या तीन दिवसांचं उत्तर होती. त्यांचं आडनाव मेस्त्री. घरात हातकामाची परंपरा. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, चित्रपट काढायचा म्हणून कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम शिकून तयार झाले. या माणसाला लोक मेस्त्री म्हणेनात, पेंटर म्हणायला लागले. मुंबईत चौक ओलांडायला आम्हाला तीन मिनिटं लागली होती. या माणसाने तोच रस्ता आडनाव मागे टाकत ओलांडला. पण त्यांच्या हातांकडे बघा. कॅमेरा बनवणारे हात मेस्त्रीचे की पेंटरचे? कला आणि कारागिरी यांच्या मधली भिंत त्यांच्या हातांत नव्हतीच. ती आपल्या बोलण्यात आहे, आणि आपण कुणाला 'कलाकार' आणि कुणाला 'कामगार' म्हणतो त्यात जात आहे. ते तसं सरळ म्हणायला हवं.

आणि कोल्हापुरात उभं राहून चपलेबद्दल बोलायचं नाही हे शक्य नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आपण सगळे पेटलो. मीही स्टोरी टाकली होती. गवगवा झाल्यावर कंपनीने मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली आहे. आपला राग योग्यच होता. पण ज्यांनी ज्यांनी 'आमच्या कारागिरांचं श्रेय चोरलं' असं लिहिलं, त्यांना एक साधा प्रश्न. तुमच्या पायातल्या कोल्हापुरीच्या कारागिराचं नाव काय? मला माहीत नव्हतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. मानांकन नाव देतं ते प्रदेशाला. माणसाचं नाव अजून आपल्याकडूनच यायचंय.

आता घाईची किंमतही सांगतो, नाहीतर खोटं होईल. केळकर संग्रहालयातल्या वाद्यांसमोरून मी अक्षरशः चालत गेलो. आमच्यातला गोदामवाला मित्र भजनात पखवाज वाजवतो, तो दिवसभर माझ्यावर चिडलेला होता. पोसायडन मी नीट पाहिला असं म्हणू शकत नाही. मुंबईतल्या कितीतरी दालनांत तर पाऊलही टाकलं नाही. हे सगळं बुडालं. पण अर्धं बुडालं म्हणून उरलेलं अर्धं बघायचंच नाही हा न्याय कुठला? सावकाश पाहायला परत जावंसं वाटतं ते एकदा घाईत पाहिल्यावरच.

म्हणून माझं सांगणं उलट आहे. पळत जा. सुट्टी दोन दिवसांची असेल तर दोन दिवसांत जा, सोमवारी बरीच आणि भायखळ्याचं बुधवारी बंद असतं एवढं बघून निघा. सगळं पाहायचा हट्ट धरू नका. एक प्रश्न मात्र सोबत न्या आणि प्रत्येक ठिकाणी तोच विचारा. आम्ही 'केलं कुणी' हा नेला. तुम्ही 'विकत कुणी घेतलं' नेऊ शकता, 'बाया कुठे आहेत' नेऊ शकता, 'हे आमच्या गावातून कसं आलं' नेऊ शकता. एकच प्रश्न धरून सहा ठिकाणं पाहणारा माणूस, प्रश्नाशिवाय एका चित्रासमोर तासभर उभ्या राहिलेल्या माणसापेक्षा जास्त बघून येतो.

आणि गाडीत जागा असेल तर घरातल्या अशा एकाला सोबत घ्या, ज्याला वाटतं की त्यातलं आपल्याला काही कळत नाही. शिवणकाम करणारी मावशी, गवंडी काका, मातीकाम करणारे शेजारी, कुणीही. त्यांना काही समजावून सांगू नका. ते कुठे थांबतात तेवढं बघा.

परवा तात्यांचा फोन आला होता. पुढची ट्रिप कधी, विचारत होते. पुण्यातला तो दरवाजा त्यांना मागच्या बाजूने बघायचाय.